तापाची सावड

"नवऱ्यानं बारा वर्षांत एकदा विचारलं नाही, बरी आहेस का म्हणून. आणि ही मेली रोज सकाळी मनगट धरून विचारते."

योगिता हे कुणाला ऐकवत नव्हती. फाटकाजवळच्या यंत्रापुढे उभी राहून मनगटावर पट्टी चिकटवता चिकटवता ती स्वतःशीच पुटपुटली. पण रांगेत वैजयंती तिला इतकी खेटून उभी होती की ऐकू न येणं शक्यच नव्हतं. वैजयंतीनं चेहरा कोरा ठेवला. हजेरी पाहणाऱ्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला हे जमावंच लागतं. निम्मा कारखाना तिच्या खिडकीपाशी येऊन थापा मारतो, आणि निम्मा खरं बोलून नंतर पस्तावतो.

कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत होता. तिथं सलाईनचे सेट जोडले जात. नळी, थेंब पडायची डबी, चाकाचा चिमटा, सुईचं टोपण. जोडणीचा हॉल बंदिस्त, गार आणि निर्जंतुक. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगावर पांढरा गाऊन, असं सगळं चढवून योगिता धरून बारा बायका दोन लांब टेबलांशी बसत, आणि बाहेरून काचेतून पाहणाऱ्याला कोण कुठली हे सांगता येत नसे. आजारी माणसाच्या शिरेत जाणारी वस्तू करायची, तर करणारा आजारी नको, हे कुणालाही पटण्यासारखं आहे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी आजारपणाच्या रजेचा कायदा बदलला तेव्हा जिल्ह्यात पहिल्यांदा पट्टी आली ती इथं.

त्याआधीचा नियम सोपा होता. दोन दिवस कामावर आला नाहीत तर तुमचा शब्द पुरे. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला. बसस्टँडसमोर डॉक्टर बागूल म्हणून एक सज्जन गृहस्थ होते. ते समोरच्या माणसाकडे न पाहता लिहायचे, विषाणूजन्य ताप, पाच दिवस विश्रांती. वैजयंतीकडे त्यांच्या दाखल्यांच्या फायलीच्या फायली होत्या. त्या फायलींवरून पाहिलं तर सिन्नर तालुक्यात विषाणूजन्य तापाची साथ दरवर्षी दोनदा यायची, एकदा कांदा काढणीला आणि एकदा लग्नसराईत. ज्यांना खरोखर ताप यायचा त्या मात्र गोळी घेऊन कामावर यायच्या, कारण खरा ताप कधी पाच दिवसांचं नियोजन करून येत नाही.

पट्टीनं हे सगळं संपवलं. दोन बोटं रुंद, पारदर्शक, मऊ. पंच केलं की यंत्रातून तुमच्या नावाची पट्टी बाहेर यायची. ती मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, दोन तास कामावर बसायचं आणि दहाच्या चहाला ती सोलून हॉलबाहेरच्या पेटीत टाकायची. पट्टीत केसाहून बारीक नाल्या होत्या. त्यांतून घाम आणि कातडीखालचा किंचित द्रव वर ओढला जाई. शरीर कशाशी तरी झगडत असलं की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे प्रथिनं असतात, आणि ती रक्तातून पाझरत घामापर्यंत येतात. ताप चढायच्या एक-दीड दिवस आधी ती वाढलेली असतात. पेटी ती मोजायची आणि शून्य ते दहामधला एक आकडा काढायची. पुस्तिकेत त्याचं नाव होतं दाह-अंक. हॉलमध्ये त्याला नुसतंच आकडा म्हणत. तीनपर्यंत माणूस ठीक. सहाच्या वर गेला की टाइम ऑफिसातल्या छपाई यंत्रातून आपोआप दाखला बाहेर पडायचा: आज आणि उद्या भरपगारी रजा, ताबडतोब घरी जावे. डॉक्टर नको, अर्ज नको, खोटं बोलणं नको.

कायदा करणाऱ्यांनी आणखीही एक चांगलं काम केलं होतं. कंपनीला फक्त आकडा दिसे. आजाराचं नाव विचारायचा हक्क कंपनीला नव्हता. सगळा अहवाल ज्याचा त्यानं स्वतःचा अंगठा लावूनच उघडायचा. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी जाई. वैजयंतीनं तशा कागदावर सही केली होती.

आणि एक काम, चांगलं की वाईट ते कुणाला नीटसं ठरवता येईना. तीन महिन्यांत कुणाला सहा दाखले झाले की प्रकरण फिटनेस बोर्डाकडे जायचं. कायम कामगार असेल तर बोर्ड त्याला हॉलसाठी अपात्र ठरवून, काही रक्कम देऊन मोकळं करू शके. कंत्राटी असेल तर तेवढंही नाही, पुढचं कंत्राट निघायचं नाही इतकंच.

पट्टी आली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाल्या त्या शालनताई. शालन उगले, पहिल्या टेबलाच्या लाइन लीडर, चोपन्न वर्षांच्या. चोवीस वर्षांत त्यांनी डॉक्टर बागूलांचा दाखला एकदाही आणला नव्हता, आणि ज्यांनी आणला त्यांना टोमणा मारायची एकही संधी सोडली नव्हती. आता कळेल कोण किती पाण्यात आहे ते, असं त्या म्हणाल्या होत्या. पहिल्या तीन वर्षांत त्यांचा आकडा दोनच्या वर गेला नाही. योगिता म्हणायची, शालनताईंच्या अंगात शिरायला जंतूंनासुद्धा गेटपास लागतो.

चौथ्या वर्षी, दिवाळीनंतर, एका महिन्यात शालनताईंच्या नावाचे चार दाखले निघाले.

पहिल्या वेळी सगळ्या हसल्या. दुसऱ्या वेळी शालनताईंनी पट्टीच खराब आहे म्हणून वैजयंतीकडे तक्रार लिहून दिली. तिसऱ्या वेळी त्यांनी दाखला घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि फाटकाबाहेर पडल्या. चौथ्या वेळी त्या जाताना हॉलमधल्या अकरा जणींनी काम थांबवून काचेतून पाहिलं.

शालनताई भावाच्या घरी राहत. तिसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून आल्या होत्या त्या कायमच्या. त्या घरात चोवीस वर्षं त्या पाहुण्या नव्हत्या, कारण दर महिन्याला पगार होता. पहाटेचा पहिला चहा भावजय त्यांना देई. हे सगळं बोर्डाच्या एका कागदानं उलटेल, असं शालनताईंना वाटत होतं. भावजय तशी नव्हती असं हॉलमधली फरीदाभाभी म्हणायची. पण फरीदाभाभीला भावजयीबरोबर राहायचं नव्हतं.

सावडीची कल्पना कुणाची, हे पुढे कुणीच कबूल केलं नाही.

त्या बारा जणींतल्या आठ-नऊ जणी आसपासच्या गावांतल्या, शेतात वाढलेल्या. सावड त्यांना शिकवावी लागत नव्हती. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त पाळी. हॉलमध्ये त्यांनी आधीपासून बऱ्याच गोष्टींची सावड लावली होती. डब्यातल्या भाजीची, मुलांच्या शाळेतल्या मीटिंगांची, एवढंच काय, बागूल डॉक्टरांच्या काळात रजांचीसुद्धा. आता तापाची लावली.

पद्धत साधी होती. गाऊन चढवायची खोली बायकांची, तिथं कॅमेरा लावायची सोय नाही. ज्या दिवशी जिची पाळी, तिनं आपल्या नावाची पट्टी फाटकाशी न लावता इथं शालनताईंच्या मनगटावर चिकटवायची आणि त्यांची आपल्या मनगटावर घ्यायची. दहा वाजता शालनताईंच्या नावापुढे दोन पूर्णांक एक, आणि पाळीवालीच्या नावापुढे सहा पूर्णांक चार. पाळीवालीला दाखला, दीड दिवस भरपगारी घरी. दुसऱ्या दिवशी पुढची. अकरा जणींत वाटलं तर निदान या तिमाहीत तरी कुणाचे सहा व्हायचे नाहीत, असं गणित योगितानं मांडलं होतं. मधे बऱ्या होतीलच की त्या, असंही म्हणाली होती.

यात एक गंमत झाली, ती आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मदत करणारीला रजा मिळत होती. योगिता शालनताईंच्या तापावर मामेबहिणीच्या साखरपुड्याला जाऊन आली. फरीदाभाभीनं त्याच तापावर घराला रंग काढला. एकीनं नुसतीच झोप काढली, आणि परत आल्यावर इतकी ताजी दिसत होती की बाकीच्यांनी आपापल्या पाळीची तारीख विचारून घेतली. दोन आठवड्यांनी तारखांची अदलाबदल सुरू झाली. माझ्याकडे सोमवारी पाहुणे आहेत, मला सोमवार द्या. शालनताई सगळ्यांना सोमवार देत. लाइन लीडरच त्या. पाळ्या लावणं हे त्यांचं कामच होतं.

वैजयंतीला हे समजायला नऊ दिवस लागले. तिच्या पडद्यावर रोज हॉलमधली नावं आणि आकडे येत. बाकीचे आकडे दोनच्या आसपास, आणि एक सहाच्या वर. तो वरचा आकडा रोज वेगळ्या नावापुढे. आज योगिता, उद्या मंदा, परवा फरीदा. साथ अशी कधी चालत नाही. साथीत माणसं एकाच वेळी पडतात, कुणी पडतच नाही, कुणी दोनदा पडतं. हा ताप मात्र शहाण्या पाहुण्यासारखा रोज एकीकडे उतरत होता आणि दुसऱ्या दिवशी तिचं घर सोडून पुढच्या घरी जात होता. दहाव्या दिवशी ती गाऊनच्या खोलीत काहीतरी आणायचं निमित्त करून गेली. मंदा आणि शालनताई एकमेकींच्या हाताला पट्ट्या लावत होत्या, राखी बांधावी तशा शांतपणे.

कुणी दचकलं नाही. शालनताईंनी पट्टी नीट दाबून बसवली, मग वैजयंतीकडे पाहिलं.

"तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे गं, वैजू?"

"गुरुवारी."

"मग बुधवार तुझा."

टाइम ऑफिसच्या माणसांनाही पट्टी होती. शालनताईंनी एवढ्यावर विषय संपवला. एकोणीस वर्षांपूर्वी वैजयंतीला या कारखान्यात त्यांनीच चिकटवलं होतं. साहेबांपुढे उभं राहून, पोरीला अक्षर चांगलं आहे, एवढी एकच शिफारस करून. वैजयंतीला नाही म्हणता आलं असतं. तिनं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, नाही म्हणायला नक्की किती वेळ होता. पुरेसा होता.

बुधवारी दहा वाजता तिच्याच टेबलावरच्या यंत्रातून तिच्याच नावाचा दाखला बाहेर पडला. सहा पूर्णांक आठ. गुरुवारी ती नाशिकला आईच्या खाटेशेजारी बसून होती, साधारण निर्धास्त. परिचारिकेनं आईच्या हाताला सलाईन लावलं. वैजयंतीनं सवयीनं सेटवरचा शिक्का वाचला. त्यांच्याच हॉलचा होता, पहिल्या टेबलाचा.

त्या काळात हॉलमध्ये बोलणं वाढलं होतं. हे वैजयंतीला नंतर उमगलं. भाज्यांबद्दल, सुनांबद्दल, मालिकांबद्दल, कशाहीबद्दल. शालनताईंचा गाऊन मोठ्या मापाचा होता, त्यांनी मधला घ्यायला सुरुवात केली, मग लहान. फरीदाभाभीनं एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर, न विचारता, त्यांचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवून दिला आणि सगळा वेळ ती कपड्याच्या भावाबद्दल बोलत राहिली. शालनताईंची निम्मी भाकरी डब्यात परत जाऊ लागली, तेव्हा योगिता ती उचलून खाऊन टाकायची, भावजयीनं डबा उघडल्यावर प्रश्न विचारू नये म्हणून. योगिताचं वजन वाढलं. त्यावरून चिक्कार थट्टा झाली. शालनताईंच्या वजनावरून कुणी काही बोललं नाही.

पुस्तिका वैजयंतीच्या कपाटात चार वर्षं होती. मराठी भाषांतर असलेली, चकचकीत कागदाची, कुणीही न वाचलेली. एका दुपारी दाखल्यांचा कागद संपला, नवीन गुंडाळी कशी बसवायची ते पाहायला तिनं ती काढली आणि भलत्याच पानावर उघडली.

त्या पानावर लिहिलं होतं की यंत्राचं रजेचं काम दुय्यम आहे. एका दिवशी चढलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सर्दी असेल, दाढ दुखत असेल, जागरण झालं असेल. पण एकाच माणसाचा आकडा ओळीनं दहा वेळा सहाच्या वर राहिला, तर शरीर जंतूशी झगडत नसतं, दुसऱ्याच कशाशी तरी झगडत असतं. तो आजार साधारणपणे अजून दुखायलाही लागलेला नसतो, आणि म्हणूनच बरा होण्यासारखा असतो. अशा वेळी यंत्र कंपनीला काहीही न कळवता थेट त्या माणसाच्या मोबाइलवर निरोप पाठवतं: आजच मोठ्या रुग्णालयात तपासून घ्या, हा निरोप दाखवा, तपासणीचा खर्च शासनाचा. पुढे एक तक्ता होता. निरोप मिळाल्यापासून दोन आठवड्यांत गेलेले किती बरे झाले, दोन महिन्यांनी गेलेले किती. वैजयंतीनं तक्ता दोनदा वाचला. दुसऱ्या रांगेतला आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता.

ओळीनं दहा वेळा, एकाच माणसाचा.

तिनं पुस्तिका मिटली, कागदाची गुंडाळी बसवली, ती उलटी बसली, पुन्हा बसवली. मग पडद्यावरच्या जुन्या तारखा काढल्या आणि कोऱ्या कागदावर दर दिवसाचा फक्त वरचा आकडा उतरवत गेली. नावं सोडून दिली. सहा पूर्णांक तीन. सहा पूर्णांक चार. सहा पूर्णांक चार. मधे एका बुधवारचा सहा पूर्णांक आठ, तो तिनं इतरांसारखाच लिहिला. चोवीस दिवसांची एक ओळ झाली. शेवटचा आकडा सात पूर्णांक नऊ होता. अकरा जणींत वाटून पातळ झालेला ताप पुन्हा एका जागी गोळा केल्यावर तो असा दिसत होता. सावकाश, कधीही खाली न उतरता वर चढत गेलेला.

कुणाचा आकडा कुणाला सांगायचा नाही, असं सहीच्या कागदावर होतं. या कागदावर नाव नव्हतं. वैजयंतीनं स्वतःची तेवढी समजूत घातली आणि दुपारच्या सुट्टीत तो शालनताईंच्या पुढे ठेवला. पुस्तिकेचं ते पानही उघडून ठेवलं.

शालनताईंनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. त्या सावकाश वाचत; सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण एकदा वाचलेलं विसरत नसत. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो ब्लाउजमध्ये ठेवला.

"अक्षर अजून चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या.

"ताई, निदान दहा वेळा स्वतःची पट्टी लावा. कुणाला काही कळायचं नाही. निरोप तुमच्या मोबाइलवर येईल."

"आणि माझे दाखले किती होतील तोवर?"

वैजयंतीनं मनात मोजले. चार झालेच होते. आणखी दोन म्हणजे सहा.

"नाही तर पट्टी राहू द्या. तशाच जाऊन या दवाखान्यात."

"तिथं काय सांगू? काय दुखतंय म्हणून? काही दुखत नाही मला." मग त्या उठल्या, पदर खोचला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मंगळवार मोकळा आहे. हवा असला तर सांग."

वैजयंतीला राग आला. तो कुणावर आला होता हे तिला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही, आणि घरी गेल्यावर आई नवीन डोळ्यानं भिंतीवरची जळमटं दाखवत बसली होती, त्यात तो निवला.

पट्टी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत आणखी एक यंत्र होतं, सगळ्या कारखान्यांचे आकडे पाहणारं. त्याला सावड माहीत नव्हती. त्याला एवढंच दिसलं की सिन्नरच्या एका बंदिस्त हॉलमध्ये महिनाभर रोज एक वेगळी बाई आजारी पडते आहे, आणि सगळ्यांच्या दाहाचा नमुना एकाच जातीचा आहे. त्यानं निष्कर्ष काढला की हॉलच्या हवेत काहीतरी आहे. शुक्रवारी दाबके नावाचे इंजिनिअर आले. पन्नाशीचे, पोट सुटलेले, मृदू बोलणारे. त्यांनी हॉलची हवा बाटल्यांत भरली, पाणी भरलं, टेबलं पुसून बोळे पिशव्यांत घातले. काहीच सापडलं नाही. काही न सापडल्यामुळे ते फार काळजीत पडले.

सोमवारी सकाळी दहाच्या चहाआधीच कुलथे साहेबांनी सगळ्यांना हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत बोलावलं. कुलथे साहेब मनुष्यबळ विभागाचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट मुद्देसूद सांगायची सवय होती, आणि बातमी वाईट असली की मुद्दे वाढत. बारा जणी भिंतीशी ओळीनं उभ्या राहिल्या. वैजयंती दाखल्यांची फाइल घेऊन दाराशी. दाबके आपल्या अवजारांच्या पेटीवर बसलेले.

साहेबांच्या सांगण्याचा सारांश असा होता. हॉल आजपासून बंद. छतातले हवेचे डक्ट कापून उघडणार, त्याला तीन आठवडे. माल परत मागवण्याचा विचार चालू आहे. आणि ज्यांना ज्यांना दाखले मिळाले त्या सगळ्यांचं प्रकरण, सहाची वाट न पाहता, एकदमच बोर्डाकडे जाईल. कंत्राटी पाच जणींबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. त्यांची कंत्राटं या महिनाअखेर संपत होती, आणि बोर्डाकडे प्रकरण असताना नवीन काढता येत नाही.

योगिता त्या पाचांतली. तिनं खाली पाहिलं आणि पायातली चप्पल उगाच नीट केली.

दाबके उठले. त्यांनी हात जोडल्यासारखे करून सांगितलं की आजाराचं नाव ते विचारत नाहीत, तो त्यांना अधिकार नाही. फक्त कुणाला काही त्रास जाणवत असेल, खोकला, अंगावर पुरळ, दमल्यासारखं, तर आपणहून सांगावं. यंत्राला जे कळलं नाही ते कदाचित तुम्हाला माहीत असेल, असंही म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सहज निघून गेलं असावं.

मंदा फरीदाभाभीकडे बघेना, फरीदाभाभी छताकडे बघत होती.

"एसी जरा गार असतो," फरीदाभाभी शेवटी म्हणाली.

दाबकेंनी तेही लिहून घेतलं.

वैजयंतीच्या हातातल्या फाइलीत अकरा नावांचे दाखले होते, आणि बारावा तिच्या स्वतःच्या नावाचा. तिनं मनात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. बोलली तर शालनताईंचं चोवीस वर्षांचं घर मोडेल आणि तिची स्वतःची नोकरी जाईल. न बोलली तर पाच जणींची जाईल, आणि तक्त्याच्या दुसऱ्या रांगेत एक माणूस वाढेल. हे काही अवघड गणित नव्हतं. अवघड एवढंच होतं की शालनताई तिच्याकडे बघत होत्या. विनवणी नाही, दटावणी नाही. नुसत्या बघत होत्या, नवीन मुलगी टेबलाशी बसली की पहिली जोडणी कशी करते ते बघत तशा.

"साहेब, हॉलच्या हवेत काही नाही," वैजयंती म्हणाली.

सगळ्या वळल्या. कुलथे साहेबही वळले.

"तुम्हाला काय माहीत?"

"आकडे माझ्याकडेच येतात, साहेब. अकरा जणी आजारी नव्हत्या. मीही नव्हते." तिनं आपला दाखला फाइलीतून काढून टेबलावर ठेवला. "माझ्यापुरतं मी सांगितलं. याच्या पुढचं सांगायचा मला अधिकार नाही."

कुलथे साहेबांनी दाखला उचलला, वाचला, खाली ठेवला. त्यांना अर्धं समजलं असावं, कारण त्यांचा आवाज चढण्याऐवजी उतरला. ते म्हणाले, आजारी कुणी नव्हतंच, तर मग महिनाभर हे यंत्र कुणाला मोजत होतं?

भिंतीशी हालचाल झाली. योगितानं शालनताईंचा हात धरला होता आणि ती मान हलवत होती, नको, नको, अशी. तिची नोकरी जाणार होती आणि तरी ती नको म्हणत होती. शालनताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली, घाई न करता. टोपी काढली. टोपीखालचे केस किती विरळ झाले होते ते त्या अकरा जणींनी पहिल्यांदाच उघड पाहिलं, म्हणजे पाहिलं होतं आधीही, पण सगळ्यांनी मिळून पाहिलं नव्हतं. मग त्या दोन पावलं पुढे येऊन कुलथे साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. लहान मापाचा गाऊनही त्यांच्या खांद्यांवरून ओघळत होता.

"डक्ट कापू नका," शालनताई म्हणाल्या. "या सगळ्या धडधाकट आहेत. आजारी मी आहे."